सहलगुरुजींची भिंत

आमच्या गुरुजींच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. सहावीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा डबा वर्गभर फिरवला आणि ज्याच्या त्याच्या कंपासपेटीतलं खोडरबर त्यात टाकायला लावलं. माझं नवं होतं. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं, बाबांनी चाकणच्या बाजारातून खास शाळेसाठी आणलेलं. मी ते मुठीत घट्ट दाबून धरलं. गुरुजी डबा पुढे करून नुसतेच उभे राहिले. रागावणं नाही, हिसकावणं नाही. शेवटी माझाच हात दुखायला लागला. "एप्रिलात परत मिळेल," ते म्हणाले. "तोवर चुकलं तर खोडायचं नाही. एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. म्हणजे उद्या वही उघडली की कळतं, काल आपण कुठं चुकलो होतो." त्यामुळे आमच्या वह्या भयंकर दिसत. तपासणीला आलेले साहेब त्या दोन बोटांत धरून बघायचे. गुरुजींना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचं नाव-आडनाव हजेरीपटावर होतं, पण गावात सगळे त्यांना सहलगुरुजी म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टिंगल जास्त. शनिवारी सकाळची शाळा असली की दुसऱ्या तासाला हा माणूस तीसेक पोरांची रांग घेऊन फाटकाबाहेर पडलाच म्हणून समजा. ते तळेगावहून जुन्या मोटारसायकलवर यायचे, कंटेनरच्या रांगांतून वाट काढत. शाळेत उतरले की हेल्मेट उलटं करून त्यात खडू, कोळसा, मोजपट्टी, सुतळीची गुंडी असा सगळा संसार भरायचे आणि ते हेल्मेट टोपलीसारखं हातात घेऊन पुढे चालायचे. पायात करकर वाजणाऱ्या चपला. त्या आवाजावरून गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "निघाली बघा सहल."

आमचं गाव कुरुळीच्या पलीकडचं. तेव्हा निम्म्या गावात शेतं होती आणि निम्म्या गावात कंपन्या. आम्ही बीडकडून आलेलो. बाबा एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होते, आणि एका शेतात पत्र्याच्या बारा खोल्या बांधून दिल्या होत्या त्यातल्या नवव्या खोलीत आम्ही राहायचो. त्याला सगळे रूम म्हणत. पावसाळ्यात त्या रूमच्या फरशीतून पाणी वर यायचं. वरून पत्रा गळत नव्हता, खालूनच यायचं. आई पोती अंथरायची, पिळायची, पुन्हा अंथरायची. शाळेत गावची पोरं आम्हाला "रूमवाली" म्हणत. त्यात शिवी नव्हती, पण प्रेमही नव्हतं.

गुरुजींच्या सहलीचं माप ठरलेलं होतं. "चालत जाऊन खिचडीच्या आत परत येता आलं पाहिजे. तेवढाच आपला इतिहास." शाळेत मिळणारी खिचडी साडेदहाला शिजायची, म्हणजे आमचा इतिहास साधारण पाऊण तास जाणं आणि पाऊण तास येणं एवढाच. हायवेच्या पलीकडच्या इंग्रजी शाळेची पोरं पिवळ्या बसमधून वॉटर पार्कला जायची आणि खिडकीतून आम्हाला टाटा करायची. आम्ही त्या वेळी पडक्या कोंडवाड्यात उभे असायचो आणि कोणाची म्हैस कोणाच्या उसात शिरली म्हणून इथं कोंडली होती ते ऐकत असायचो. एकदा मीच हात वर करून विचारलं, "गुरुजी, आपली सहल बसनं कधी जाणार?" ते म्हणाले, "बसमधून पायाखालचं दिसत नाही गं." मला त्या वयात पायाखालचं बघायची अजिबात हौस नव्हती.

पण त्यांची एक खोड होती. नुसतं सांगून त्यांना चैन पडायचं नाही, हाताला काहीतरी करायला लावायचे. गावच्या जुन्या विहिरीच्या काठच्या दगडावर दोरीनं पडलेल्या खाचा आहेत, बोटभर खोल. गुरुजींनी एकेकाला त्या खाचेत बोट घालायला लावलं आणि विचारलं, "हे व्हायला किती दिवस लागले असतील?" सोपान म्हणून एक पोरगा होता, गावातल्या जुन्या घरातला, त्यानं ठोकून दिलं, "एक वर्ष." पुढच्या शनिवारी त्यांनी विटा आणि दोऱ्या आणल्या आणि आख्खा वर्ग अंगणात बसून विटांवर दोऱ्या घासत राहिला. विटा तशाच. आमचे तळहात मात्र लाल झाले. "आता सांग," गुरुजी म्हणाले. सोपान हातावर फुंकर घालत म्हणाला, "शंभर." "बायकांचे हात होते ते," गुरुजी म्हणाले आणि विटा गोळा करायला लागले. त्या दिवशी घरी जाऊन मी आईचे हात बघितले होते, एवढं आठवतंय.

सहल काढणारा हा माणूस कुत्र्यांना घाबरायचा, हे सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होणार नाही. वाडीवस्तीवर कुत्रं भुंकलं की गुरुजींची करकर थांबायची, आणि ते अगदी सहज, काही झालंच नाही अशा थाटात, रांगेच्या मधोमध येऊन उभे राहायचे. आम्हाला ते कळायचं. चार दांडगी पोरं न सांगता पुढे व्हायची. शाबासकीच्या बाबतीतही गृहस्थ भलता कंजूष. कितीही चांगलं काम करा, जास्तीत जास्त "बरंय" म्हणायचे. वर्षभरात वर्गातल्या चार-पाच जणांना ते "बरंय" मिळायचं आणि ती पोरं ते घरी जाऊन सांगायची. मला सातवी सुटेपर्यंत एकदाही मिळालं नाही.

एकदा सहल गेली ती एका कंपनीच्या गेटवर. सोपानचे आजोबा काठी टेकत बरोबर आले होते. गेटवरचा सिक्युरिटीवाला धावत आला. "गुरुजी, आत सोडता येत न्हाई. फोटोला बी बंदी हाय." गुरुजी म्हणाले, "फोटो नकोत. या पोराच्या आजोबांचं खळं तुमच्या पार्किंगमध्ये गेलंय, ते बाहेरून मोजतोय." मग आजोबांनी गजांमधून काठी घातली. "ती पांढरी गाडी दिसती का? तिच्या हिकडं. मेढ व्हती तितं, खळ्याच्या मधला खांब. बैल फिरायचं." आम्ही कंपाउंडच्या भिंतीला लागून पावलं मोजली आणि वहीत लिहिली. परत येताना सोपाननं आजोबांचा हात धरला होता. पुढच्या शनिवारी तोच सिक्युरिटीवाला रस्त्यात भेटला तर विचारतो, "आज कुठं सहल?"

त्या खळ्यावरूनच भिंतीची कल्पना निघाली. शाळेच्या मागच्या लांब भिंतीवर गावाचा नकाशा काढायचा, आणि त्यात प्रत्येक शेताचं नाव लिहायचं. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, नाव नसतं. नाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं, आणि जमिनी विकल्या जात होत्या तशी ती नावं कोणी घेईनासं झालं होतं. गुरुजींची अट एकच होती. नाव दोन तोंडांनी सांगितलं पाहिजे. "एकानं सांगितली ती गोष्ट. दोघांनी वेगवेगळी तीच सांगितली, तर भिंतीवर." गावची पोरं चेकाळली. रोज नवं नाव यायचं. चिंचमळा, बाभुळपट्टी, दुरडी, सासूचं वावर. त्या सासूच्या वावरावरून तर दोन घरांत तीन दिवस भांडण चाललं होतं. आम्ही रूमवाली सात-आठ पोरं मागच्या बाकावर बसून ते ऐकायचो. आमचे आजी-आजोबा इथं नव्हते, आमची शेतं इथं नव्हती.

गुरुजींच्या ते लक्षात आलं. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पूजा, तू झोपतेस कुठं?"

"रूमवर."

"ती रूम कशावर आहे?"

"जमिनीवर."

"मग त्या जमिनीचं नाव आण. ते तुझं काम." आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, "ती जागा हिची. ही आणेपर्यंत पांढरी राहील."

मला एवढा आनंद झाला की त्या संध्याकाळी मी दप्तर टाकून थेट मालकांकडे पळत गेले. मालक म्हणजे ज्यांच्या शेतात आमच्या खोल्या होत्या ते. ते बुलेटवर बसत होते. "नाव? नावबिव काय न्हाई. गट नंबर हाय, पायजे का?" त्यांची आई, कोंडाआजी, ओट्यावर मशेरी लावत बसलेली असायची. ती जवळजवळ बहिरी, कानात ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा. काहीही विचारलं की मान हलवून "व्हय, व्हय" म्हणायची. आजी, जेवलात का? व्हय. आजी, पाऊस येणार का? व्हय. तिच्याकडून नाव कसं मिळणार? मी शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं. कोणी म्हणे, "ते पल्याडचं", कोणी म्हणे, "कुणास ठाव, पडीकच व्हतं की." एक महिना गेला. भिंत भरत आली. माझी जागा तेवढी पांढरी, हाताच्या पंजाएवढी, आणि प्रार्थनेला उभं राहिलं की ती बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायची. प्रजासत्ताक दिनाला सगळं गाव ती भिंत बघायला येणार होतं.

माझ्या आजीचं नाव रखमा. सहावी सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती गावाकडे वारली. बाबांना सुट्टी मिळून आम्ही पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता, आणि तिच्या नेहमीच्या जागी दुसऱ्याच कोणीतरी बायका बसलेल्या होत्या. मला वाटतं, नाव सुचलं ते तिथूनच. मी मशेरीची पुडी घेऊन कोंडाआजीकडे गेले आणि तिच्या कानात ओरडले, "आजी, ह्याला रखमाचं वावर म्हणायचे ना?"

"व्हय, व्हय," कोंडाआजी म्हणाली.

गुरुजी स्वतः खात्री करायला आले. त्यांनीही ओरडून विचारलं, आणि आजीनं त्यांनाही तेच सांगितलं. वर आपल्या मनानं जोड दिली, "रखमाचंच!" दुसरं तोंड हवं म्हणून गुरुजींनी मालकांना रस्त्यात गाठलं. मालक घाईत होते. बुलेट चालू ठेवूनच म्हणाले, "आई म्हनती तर आसंल की. लिवा, लिवा." दोन तोंडं झाली. गुरुजींनी हिरव्या ऑइल पेंटनं, त्यांच्या त्या गोल वळणदार अक्षरात, माझ्या पांढऱ्या जागेत लिहिलं: रखमाचं वावर.

प्रजासत्ताक दिनाला आई आली होती. ती हळूहळू अक्षर लावत वाचते. भिंत वाचत वाचत ती तिथपर्यंत आली, थांबली, आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही घरी आलो. मग चहा टाकता टाकता म्हणाली, "आता माय, तुजी आजी भिंतीवर जाऊन बसली की." तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मास्तरला ठाव हाय का?" मी नाही म्हणून मान हलवली. "सांगून टाक लेकरा. भला माणूस हाय त्यो." मी उद्या सांगते म्हणाले. तो उद्या काही केल्या उजाडेना.

आणि ते नाव चिकटलं की! मालकांनी खोल्यांवर पाटी लावली, "रखमाई निवास". टमटमवाले विचारायला लागले, "रखमाच्या वावरात सोडू का?" पुढच्या वर्षीच्या सहावीला गुरुजींनी भिंतीपुढे उभं केलं आणि त्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "ही रखमा कोण होती, ते अजून कळलेलं नाही. शोधा." मी सातवीच्या रांगेत उभी होते. पोरं खरंच शोधत हिंडली. एकानं घरून शोध लावून आणला की, साक्षात रखुमाई रुसून चालली होती, ती दमून तिथं बसली. पंधरा दिवसांत आमच्या खोल्यांच्या कोपऱ्यावर एका दगडाला हळदकुंकू लागलं. गुरुजी मात्र हटले नाहीत. "एकच तोंड," ते म्हणाले. "शोधत राहा." दरवर्षी ते पोरांना तिथं उभं करत, आणि दरवर्षी शोधायला लावत.

मधे गुरुजींची बदली झाली, ते चार वर्षं दुसऱ्या गावी होते, मग निवृत्तीच्या आधी परत आमच्या शाळेत आले. शाळेला रंग द्यायची वेळ आली की गावच रंगाऱ्याला सांगायचं, मागच्या भिंतीला हात लावू नको. सहा पावसाळ्यांनी आम्ही त्या खोल्या सोडल्या आणि कुरुळीला राहायला आलो. मालकांनी जमीन विकली, खोल्या पाडल्या, तिथं एका कंपनीची शेड आली. कोंडाआजीही गेली. मी डिप्लोमा केला आणि चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागले. पहिल्या दिवशीच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी रीडिंग लिहायचा कागद हातात दिला आणि सांगितलं, "इथं व्हाइटनर चालणार नाही. चुकलं तर एक रेघ, खाली बरोबर आकडा, बाजूला सही." मला एकदम हसू फुटलं. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही सर, हे मी सहावीत शिकलेय."

हसले खरी, पण तेव्हापासून दर वेळी रेघ मारून सही करताना मला ती भिंत दिसायची. कारखान्याच्या कागदावर मी धडाधड चुका कबूल करत होते. तेरा वर्षांपूर्वीच्या चुकीवर मात्र माझी रेघ नव्हती. मग एक दिवस सोपानचा फोन आला. गुरुजी महिन्याअखेरीस निवृत्त होतायत, आणि शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधणार आहेत. भिंत जाणार म्हणून गुरुजी पोरांकडून सगळा नकाशा मांजरपाटाच्या कापडावर उतरवून घेतायत. "हे एकदा नीट झालं की मी सुटलो, असं म्हणतात," सोपान म्हणाला. म्हणजे माझं खोटं आता भिंतीवरून कापडावर जाणार होतं, आणि तिथून पुढे कुठवर, कुणास ठाऊक.

मी शनिवारी सकाळी गेले. गुरुजींचे केस पांढरे झाले होते, चपला तशाच करकरत होत्या. पोरं भिंतीशी कापड ताणून धरून बसली होती. मी गुरुजींना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आजीचं, मशेरीच्या पुडीचं, सगळं. ते ऐकत राहिले.

"दोन तोंडं होती," शेवटी म्हणाले.

"एक बहिरं होतं, गुरुजी. आणि दुसरं घाईत."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. "इतकी वर्षं मी पोरांना शोधायला लावलं. रखमा कोण म्हणून. पोरं उन्हातान्हात घरोघर फिरली, पूजा." आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी पोरांना सांगितलं, "ती जागा सोडा. पांढरी राहू दे." आणि आत निघून गेले. मी अंगणातल्या वडाखाली उभी राहिले. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ते ओरडले नाहीत म्हणून जास्तच वाटली.

सोमवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी पुन्हा शाळेत गेले. गुरुजी हेल्मेटात वही टाकून निघायच्या तयारीत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल. तुझं काम राहिलंय." पुढचे दहा-बारा दिवस आम्ही हेच करत होतो. साडेतीनला शिफ्ट सुटायची, मी स्कूटीवर यायचे, आणि आम्ही दारोदार हिंडायचो. कुत्रं आलं की गुरुजी माझ्या मागे. शाळेतल्या त्या दांडग्या पोरांसारखी मी न सांगता पुढे व्हायचे. बहुतेक म्हातारी माणसं गेली होती. शेवटी मालकांनीच सांगितलं की त्यांची एक आत्या आहे, शेजारच्या गावात दिलेली, ती अजून खणखणीत आहे. कोंडाआजीची नणंद. म्हणजे त्या शेतात लहानाची मोठी झालेली.

आत्याबाई अंगणात लसूण सोलत होत्या. गुरुजींनी शेत कुठलं ते सांगितलं आणि गप्प बसले. नाव सुचवायचं नाही, हा त्यांचा नियम. "ते व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "उपळी. उपळी म्हनायचो आमी. आखाड लागला की खालनं पानी उपळायचं. वरनं पाऊस नसंना का, खालनं येनारच. ज्वारी कुजायची, माजा बाप बोंबलायचा. मंग पेरायचंच सोडलं. कोंडी लगीन हून आली तवा तितं नुसतं गवत व्हतं, तिला काय ठाव?"

गुरुजींनी वहीत लिहिलं. पण परत येताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. एकच तोंड. दुसरं उरलेलंच नव्हतं, आणि शेवटचा शनिवार परवावर आला होता. "एकाच्या सांगण्यावरून मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "पांढरं राहिलं तर राहील. मी जाताना एक जागा पांढरी ठेवून गेलो, असं म्हणतील." त्यांना ते किती लागलं होतं ते मला दिसत होतं. मी म्हटलं, गुरुजी, कुरुळी वाटेवरच आहे, चहा घेऊन जा.

आई चहा गाळत होती. मी तिला आत्याबाईंचं बोलणं सांगत होते. खालनं पाणी उपळायचं म्हणे. आईचा हात थांबला.

"उपळायचं?" ती म्हणाली. "आवो गुरुजी, सा पावसाळे उपसलंय की म्या ते पाणी! पत्रा कोरडा ठणठणीत आन् फरशीतून वर यायलंय. पोतं टाकायचं, पिळायचं, पुन्ना टाकायचं. ह्या पोरीला खाटंवर बसवून ठेवायचे म्या. आमाला वाटायचं, मालकानं फरशी वाईट बसवलीय."

गुरुजींनी कप खाली ठेवला. वही उघडली. "तुमचं नाव सांगा," म्हणाले. "पूर्ण."

"माजं? माजं कशाला? आमी भायेरची माणसं."

"सहा पावसाळे पाणी उपसलंत," गुरुजी म्हणाले. "बाहेरच्या कशा?"

आईनं पदरानं हात पुसले आणि आत्याबाईंच्या नावाखाली, एकेक अक्षर लावत, सही केली. सही झाल्यावर ती वही बराच वेळ तिच्याच हातात होती. आणि मी बघत बसले होते. जे नाव मी महिनाभर गावभर शोधत हिंडले, ते दर पावसाळ्यात माझ्याच पायाखालून वर येत होतं.

शेवटच्या शनिवारी गुरुजींनी भिंतीपाशी ब्रश माझ्या हातात दिला. मी बरोबर टर्पेंटाइन आणि फडकं नेलं होतं. बाटलीचं झाकण उघडलं तर म्हणाले, "हे काय?"

"पुसून टाकते ना, गुरुजी."

"सहावीत कोणाच्या वर्गात होतीस?"

मी झाकण लावलं. 'रखमाचं वावर'वर हिरव्या रंगानं एक सरळ रेघ ओढली. खाली लिहिलं: उपळी. कापडावरही तसंच, रेघेसकट. पोरं गोळा झाली होती. त्यातली एक छोटी, नुकतीच झारखंडकडून आलेली, रेघेखालची अक्षरं बोटानं लावत वाचत होती. तिनं विचारलं, "गुरुजी, रखमा कौन?"

इतकी वर्षं जो प्रश्न ते पोरांना विचारत आले होते, तो आता त्यांना कोणीतरी विचारला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिची आजी. बीडकडे असायची. इथं कधी आली नाही." आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन, बारीक अक्षरात, रेघेच्या कडेला त्यांनी तेवढंच लिहिलं. मला तिथं सगळ्या पोरांसमोर रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुपारी सत्कार झाला, नारळ झाला, शाल झाली. गुरुजींना भाषण करता येत नाही. त्यांनी चार वाक्यं बोलून हात जोडले. मग हेल्मेटातले खडू, कोळसा, सुतळी सगळं टेबलावर रिकामं केलं आणि रिकामं हेल्मेट डोक्यावर घातलं. मोटारसायकलला किक मारण्याआधी ते मागे भिंतीकडे गेले. मी तिथंच उभी होते. त्यांनी रेघ बघितली, रेघेखालचं नाव बघितलं, चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं.

"बरंय," म्हणाले, आणि निघाले.